काळ्या खपलीला ब्लेड लावण्याआधी

प्रश्न : आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. परसात आठ बदके आहेत. सहा खाकी कॅम्पबेल आणि दोन पांढरी पेकिन. अंगण जांभ्याच्या चिऱ्यांचे आहे आणि खुराड्यात कोबा केलेला आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून पेकिनची एक मादी डाव्या पायाने लंगडते. तळव्यावर हरभऱ्याएवढा काळा डाग आहे व भोवती सूज आहे. सासूबाई रोज हळद आणि खोबरेल लावतात. शेजारी कोंबड्या पाळणारे एक गृहस्थ आहेत, ते म्हणतात की ब्लेडने खपली काढून आतला खडा उपटून टाका, आम्ही कोंबड्यांचे असेच करतो. घरात उरलेल्या अँटिबायोटिकची अर्धी गोळी मी दोन दिवस भाताबरोबर दिली. ती अंडी घालते आहे, ती खावीत का? दुसऱ्या एका बदकाच्या पायाचा पडदा कुंपणाच्या तारेत अडकून फाटला आहे. त्याला टाके घालावे लागतील का?

उत्तर : तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे आधी देतो, कारण ती थोडक्यात देता येतात आणि एक तर आजच अमलात आणायचे आहे. त्या मादीची अंडी तूर्त खाऊ नका. फाटलेल्या पडद्याला बहुतेक वेळा टाके लागत नाहीत. ब्लेडच्या प्रश्नाचे उत्तर मात्र सविस्तर द्यावे लागेल, कारण तुमच्या शेजाऱ्यांचा सल्ला पूर्ण चुकीचा नाही आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे.

तुम्ही वर्णन केलेल्या दुखण्याला पशुवैद्यक बंबलफूट म्हणतात. गावाकडे त्याला कुरूप म्हणतात आणि दिसायला ते कुरपासारखेच असते, पण कुरूप म्हणजे नुसती घट्टावलेली कातडी; हे मात्र तळव्यातले गळू आहे. तळव्याच्या गादीची कातडी घासून किंवा टोचून उघडते आणि त्या वाटेने जंतू आत शिरतात. बहुतेक वेळा तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस असतो. हा जंतू पक्ष्यांच्या कातडीवर आणि आपल्याही हातांवर, नाकात सहज सापडतो. तुम्हाला दिसणारा काळा डाग हे त्या वाटेचे दार आहे, आजार त्याच्या आत आहे. दार उपटले म्हणून घर रिकामे होत नाही.

याबाबतीत मी स्वतः फसलेलो आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझा सगळा सराव गाईम्हशींवर झालेला होता. गाईचे गळू पिकले की चिरायचे, पू वाहू द्यायचा आणि पोकळी धुऊन काढायची, एवढे मला पक्के ठाऊक होते. एका पेकिन नराचा तळवा मी त्याच हिशेबाने चिरला आणि दाबला. पू आला नाही. आले ते रक्त, आणि ते थांबवताना माझी तारांबळ उडाली. पक्ष्यांच्या रक्तातील ज्या पांढऱ्या पेशी जंतूंशी झुंजतात, त्यांच्यात पू पातळ करणारे विकर (एन्झाइम) जनावरांच्या पेशींसारखे नसते. त्यामुळे पक्ष्याचा पू वाहत नाही. तो पनीरच्या तुकड्यासारखा घट्ट, पिवळसर गोळा होऊन बसतो. तुमचे शेजारी ज्याला खडा म्हणतात तो हाच. तो काढावा लागतो हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण तो सुटा, एकसंध झालेला असेल तरच निघतो, आणि त्याची मुळे कधीकधी बोटांच्या स्नायुबंधांपर्यंत गेलेली असतात. तिथे ब्लेड चुकले तर बदकाचे बोट कायमचे निकामी होते, आणि भूल न देता हे करणे हा त्या मुक्या जिवाचा छळ आहे.

तेव्हा आधी पाय नीट पाहा. दिवसा, मोकळ्या उजेडात, एकाने धरायचे आणि दुसऱ्याने पाहायचे. बदकाला पायाला धरून कधीही उचलू नये. कोंबडीच्या मानाने त्याचे पाय फार नाजूक असतात आणि सांधा निखळायला एक हिसका पुरतो. दोन्ही हातांनी पंख अंगाशी दाबून उचला, जुन्या टॉवेलात बाळासारखे गुंडाळा आणि मांडीवर असे घ्या की पाय बाहेर राहतील. छातीवर दाब देऊ नका. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छाती हलली तरच त्यांचा श्वास चालतो. तळवा कोमट पाण्याने धुऊन पुसून घ्या, म्हणजे चिखल कोणता आणि खपली कोणती हे कळेल. मग हाताच्या बोटांची पाठ आधी चांगल्या पायाला आणि मग दुखऱ्या पायाला लावा. दुखरा पाय जास्त गरम लागतो का, सूज फक्त तळव्याला आहे की बोटांच्या मधून वर चढून घोट्यापर्यंत गेली आहे, अंगठ्याने हलके दाबल्यावर मऊ लागते की आत सुपारीसारखे काही कठीण आहे, आणि दाबताना ती पाय ओढून घेते का, या चार गोष्टी कागदावर लिहून ठेवा आणि मोबाइलवर तळव्याचा फोटो काढा. सूज रोज नुसती डोळ्यांनी पाहिली तर ती उतरते आहे की वाढते आहे हे सांगता येत नाही. पहिल्या दिवसाचा फोटो शेजारी ठेवला की लगेच कळते.

तळव्याची कातडी नुसती गुळगुळीत, लालसर आणि चकचकीत झाली असेल तर ती सुरुवात आहे आणि अशा वेळी जमीन बदलली की औषधाशिवायही पाय सुधारतो. खपली धरली आहे, सूज तळव्यापुरती आहे, बदक लंगडत का होईना चालते आणि खाते आहे, ही मधली अवस्था. तुमची मादी पत्रावरून तरी इथे दिसते. पाय गरम आहे, सूज घोट्याकडे गेली आहे, ती पाय टेकवत नाही, बसून राहते किंवा खाणे सोडले आहे, यातले काहीही असेल तर पुढचे घरगुती उपाय बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, कारण मग संसर्ग सांध्यात वा हाडात उतरलेला असू शकतो आणि एक्स-रे काढल्याशिवाय कोणालाही नेमके सांगता येणार नाही. पेकिन बदकांत जुना, चिघळत राहिलेला संसर्ग यकृतावरही परिणाम करतो. म्हणून पायाचेच तर आहे, असे म्हणून महिनोन्महिने चालढकल करू नये.

मधल्या अवस्थेत घरी करण्यासारखे पुष्कळ आहे. पसरट घमेल्यात मनगटाला सोसेल इतके कोमट पाणी घ्या आणि तीन लिटरला अर्धी वाटी या प्रमाणात एप्सम सॉल्ट, म्हणजेच औषधांच्या दुकानात मिळणारे मॅग्नेशियम सल्फेट, विरघळवा. दिवसातून दोनदा दहा ते पंधरा मिनिटे पाय त्यात बुडलेला ठेवा. बदक हे पाणी पिणार नाही याकडे लक्ष ठेवायला हवे, कारण त्याने जुलाब होतात, आणि बदकाला पाण्यात उभे केले की त्याची पहिली इच्छा चोच बुडवण्याचीच असते. शेजारी प्यायच्या पाण्याचे वेगळे भांडे ठेवले तर काम सोपे होते. पाण्यात ते शिटणारच, मग पाणी बदला, तेच पुढे चालवू नका. शेकल्यावर पाय स्वच्छ कापडाने टिपून पूर्ण कोरडा करा आणि पोव्हिडोन आयोडीनचे द्रावण कोऱ्या फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावा. तीन-चार दिवसांच्या शेकण्याने खपली मऊ होऊन आपोआप सुटली आणि तिच्याबरोबर तो पिवळा गोळा सहज आला तर येऊ द्या. ओढावे लागले तर थांबा. उघडी झालेली जागा न चिकटणाऱ्या गॉजने झाका, त्यावर मधे भोक पाडलेली स्पंजची चकती ठेवा, म्हणजे भार जखमेवर न येता कडेने वाटला जाईल, आणि स्वतःलाच चिकटणाऱ्या पट्टीने बोटांच्या मधून आठाच्या आकड्यासारखे वेढे द्या. तासाभराने बोटांची टोके पाहा. ती सुजलेली किंवा गार लागली तर पट्टी आवळली गेली आहे. पट्टी रोज बदलावी, आणि ओली झाली तर त्याच वेळी. हे सगळे रबरी हातमोजे घालून करा. तुमच्या बोटाला कापलेले असेल तर तोच जंतू तुमचेही बोट पिकवू शकतो.

सासूबाईंच्या हळदीबद्दल दोन शब्द. हळद घातकी नाही, पण तेलात कालवून उघड्या जखमेवर थापली की ती चिखल, विष्ठा आणि तूस यांना धरून ठेवते आणि वरून कवच तयार होते. आत काय चालले आहे ते मग कोणालाच दिसत नाही. तुमच्या मादीच्या पायावरचा काळा रंग किती खपलीचा आणि किती हळद-तेल-मातीचा, याचीही मला शंका आहे. पाय स्वच्छ धुतल्यावर हरभऱ्याचा मसुराएवढा डाग झाला तर नवल वाटायला नको. हळद थांबवा, पण सासूबाईंना शेकण्याच्या कामाला लावा. रोज वेळेवर पाय शेकणे हे घरातल्या चिकाटीच्या माणसाचेच काम आहे.

आता गोळीविषयी. उरलेली गोळी देणे बंद करा. कोणती होती हे मला माहीत नाही, माणसाच्या गोळीचा अर्धा भाग पक्ष्याला किती लागू होतो हे अंदाजाने ठरवता येत नाही आणि घट्ट गोळ्याच्या आत औषध पोचतही नाही. दोन दिवसांचा अर्धवट डोस फक्त जंतूंना सरावाचा होतो. गोळीची पट्टी जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. अंडी किती दिवस टाकायची ते त्या औषधावर ठरते आणि तो आकडा त्यांनीच सांगायचा आहे. उकडल्याने औषधाचा अंश जातो असे धरून चालू नका. टाकायची अंडी बाकीच्या बदकांना चारू नका, पुरून टाका. पुढे फक्त शेकणे आणि बाहेरून लावणे एवढेच चालू राहिले आणि मादी नीट खात-फिरत असली, तर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपल्यावर अंडी पूर्ण शिजवून खायला हरकत नाही.

दवाखान्यात जाताना एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा. आपल्या तालुक्याच्या ठिकाणचे पशुवैद्यकीय दवाखाने प्रामुख्याने गुरांसाठी चालतात आणि बदक घेऊन येणारे आठवड्यातून एखादे असते. वेदनाशामक हवे असेल तर पक्ष्यासाठी मेलोक्सिकॅम देता येईल का, असे स्वतःहून विचारा. डायक्लोफिनॅक कुठल्याही रूपात नको. घरातल्या गुडघेदुखीच्या मलमातही ते असते. याच औषधाने पक्ष्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. उपचार केलेल्या गुरांची मढी खाऊन भारतातली गिधाडे लाखोंनी मेली ती यानेच, आणि म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकही त्या यादीत गेले. प्राण्यांसाठीच्या बंदीने घरातले मलम काही हटत नाही आणि कोणीतरी प्रेमाने ते बदकाच्या सुजेला चोळते, म्हणून हे मुद्दाम लिहिले. जखमेवर बधिर करणारी आणि स्टेरॉइड असलेली मलमेही तशीच टाळावीत. दवाखाना लांब असेल तर 1962 या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते.

आठ-दहा दिवस नेटाने शेकूनही फोटोतली सूज उतरलेली दिसली नाही, तर मग ब्लेड लागेल, पण ते डॉक्टरांच्या हातात आणि भूल देऊन. त्यानंतरही पट्ट्या बदलणे तीन-चार आठवडे चालते, याची मनाची तयारी ठेवा.

खरा प्रश्न हा की तुमच्या आठांपैकी पेकिनच का लंगडली? खाकी कॅम्पबेल दोन किलोच्या आसपास भरते. पेकिन साडेतीन-चार किलोंची. तळव्याची गादी मात्र त्या हिशेबाने दुप्पट नसते. तेवढे वजन चिऱ्याच्या खरखरीत पृष्ठभागावर दिवसभर फिरते आणि रात्री कोब्यावर बसते. बदके कोंबड्यांसारखी दांडीवर झोपत नाहीत, जमिनीवरच बसतात, त्यामुळे त्यांच्या तळव्याला रात्रीही विसावा नाही. पावसाळ्यात कातडी भिजून मऊ पडते, आणि मऊ कातडी चिऱ्यावर किसणीसारखी घासली जाते. तुम्ही पाय बरा कराल आणि तिला त्याच कोब्यावर सोडाल, तर दिवाळीपर्यंत दुसऱ्या पायाचे पत्र मला येईल.

कोबा फोडायची गरज नाही. त्यावर भाताचे तूस किंवा लाकडाचा जाडसर भुसा चार-पाच इंचांचा थर द्या आणि ओला झालेला भाग रोज उचलून तिथे कोरडे टाका. थर मुठीत दाबून पाहा. हाताला ओल लागली किंवा ढेकूळ झाले तर बदलायची वेळ झाली आहे. खुराडे सर्वांत जास्त ओले होते ते पाण्याच्या भांड्याभोवती. म्हणून भांडे आतून काढून बाहेर ठेवा आणि त्याखाली उथळ खड्डा करून नदीतले गोल गोटे भरा, म्हणजे सांडलेले पाणी झिरपून जाईल. फोडलेली खडी नको, तिच्या धारा लागतात. अंगणात बदकांच्या रोजच्या वाटेवर काथ्याची जुनी पायपुसणी किंवा रबरी चटया टाका. खुराड्याला उंच पायरी असेल तर फळीचा उतार करा, कारण पेकिन पायरीवरून उतरत नाही, ती धपकन पडते आणि तो सगळा भार तळव्यावर येतो. जंतू मरावेत म्हणून खुराड्यात कळीचा चुना टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ओल्या जमिनीवर तो पाय भाजतो. टाकायचाच तर बदके बाहेर असताना टाका आणि झाडून, कोरडा थर देऊन मगच त्यांना आत घ्या.

आणखी एक गोष्ट पत्रात नाही, पण कोकणातल्या परसात ती असतेच. मासे साफ केल्यावर काटे आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या परसात भिरकावल्या जातात, बदके तिथेच चरतात, आणि फुटलेल्या शिंपलीची कड ब्लेडइतकीच कापते. कचरा एका जागी खड्ड्यात जाऊ द्या. जाळ्याचा नायलॉनचा दोरा दिसला तर उचला. बोटाभोवती त्याचा वेढा बसला की पुढचा भाग सुजून काळा पडतो, आणि पिसांत लपलेला दोरा कोणाला दिसत नाही.

खाण्याबद्दल थोडक्यात सांगतो. केवळ कणी आणि मका यांवर बदके पोसू नका. कोंबडीच्या पिलांपेक्षा बदकाच्या पिलांना नायसिन हे ब गटातले जीवनसत्त्व बरेच जास्त लागते, खाद्याच्या किलोमागे सुमारे 55 मिलिग्रॅम, आणि ते कमी पडले तर पाय वाकडे होऊन ती लंगडतात, तळव्याला काही झालेले नसताना. कोंबड्यांचे तयार खाद्य देत असाल तर त्यात ब्रुअर्स यीस्ट मिसळा, आणि तळव्याची कातडी निरोगी राहावी म्हणून शेवग्याचा पाला, लाल भोपळा अशा अ जीवनसत्त्वाच्या वस्तू द्या. पेकिनला चरबी चढू देऊ नका.

पट्टी असेतो मादीला तळ्यात सोडू नये, पण पूर्ण कोरडेही ठेवू नये. डोके आणि नाकपुड्या बुडतील एवढे खोल भांडे तिला हवेच, नाहीतर डोळे चिकटतात. एकटी कोंडली तर ती खाणे सोडेल. एखादी शांत कॅम्पबेल जाळीपलीकडे सोबतीला ठेवा. नर मात्र दूर ठेवा, कारण लंगडी मादी त्याला चुकवू शकत नाही आणि त्याच्या वजनाने दुखणे मांडीच्या सांध्यापर्यंत जाते.

आता फाटलेला पडदा. एक लिटर पाणी उकळून गार करा, त्यात नऊ ग्रॅम, म्हणजे चहाचा दीड सपाट चमचा मीठ घाला, आणि त्याने जखम धुवा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने पाच मिनिटे सलग दाबून धरा, मधेच उचलून पाहू नका. नख तुटून रक्त येत असेल तर तुरटीची पूड चालते, पडद्यावर ती नको. पडदा पातळ असतो आणि फाटलेल्या कडा सहसा एकमेकींना जुळत नाहीत. प्रत्येक कड वेगळी भरून येते आणि पायाला कायमची खाच राहते. त्या खाचेसकट बदक मजेत पोहते. मात्र चीर बोटाच्या हाडापर्यंत गेली असेल, बोट लोंबत असेल किंवा पडद्याची पुढची कड तुटून मोठा तुकडा सुटला असेल, तर त्याच दिवशी न्यावे लागेल. बाकी आठवडाभर डबक्यापासून दूर आणि कोरड्या तुसावर ठेवणे पुरे. पावसाळ्यात या जखमेला जंतूंपेक्षा माश्यांचे भय जास्त आहे. सकाळ-संध्याकाळ पाय उलटून पाहा, वास आला किंवा कडेला पांढरे तांदळाच्या कणीसारखे काही हलताना दिसले तर त्या अळ्या आहेत. चिमट्याने काढा, मिठाच्या पाण्याने धुवा आणि बदक डॉक्टरांकडे न्या. गुरांच्या जखमेवर मारायचा फवारा त्यांना विचारल्याशिवाय वापरू नका. आणि ज्या तारेने पडदा फाटला ती आधी पक्कडीने वाकवून घ्या, उरलेली सात बदके अजून त्याच कुंपणाखालून जात आहेत.